ग्रुपमधील नवागताचे शिष्टाचार (इंदूरच्या मराठी परिपाठासह)

ऑनलाइन चर्चासमूहात नव्याने आलेल्या माणसाने सुरुवातीच्या काळात केव्हा बोलावे, कसे बोलावे, कोणाला काय म्हणावे आणि काय पाठवू नये, याविषयी रूढ असलेले संकेत. ते क्वचितच लिहून ठेवलेले असतात. बहुतेकदा मोडल्यावरच कळतात. समूह म्हणजे मुळात आधीपासून चालू असलेले बोलणे. नवागत त्याच्या मध्येच येऊन बसतो. आधी काय झाले, कोण कोणाचे कोण, कोणत्या विषयावरून एकदा भांडण होऊन गेले आहे, हे त्याला ठाऊक नसते. पुढे आलेले जवळपास सगळे संकेत या एका उणिवेवर बेतलेले आहेत. इंदूरच्या मराठी भाषकांत त्यांना दोन गोष्टींनी वेगळे वळण दिले: हिंदीच्या शेजारात वाढलेली मराठी, आणि ग्रुपमधली माणसे आज ना उद्या समोरासमोर भेटणारच ही खात्री.

उगम

ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूझनेटची, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर विषयवार लेखी चर्चा चालवणाऱ्या व्यवस्थेची, कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते चालू झाले. संगणक तेव्हा मुख्यतः विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत असत, त्यामुळे नवी माणसे ठरलेल्या हंगामात येत. अमेरिकेत सप्टेंबरमध्ये कॉलेजे उघडली की विद्यार्थ्यांचा लोंढा येई. ते तेच ते प्रश्न विचारत, भलत्या ठिकाणी लिहीत, आणि जुन्या सदस्यांनी समजावल्यावर काही आठवड्यांत रुळत. १९९३ च्या सुमारास व्यापारी सेवांमार्फत सामान्य ग्राहक येऊ लागले आणि हा लोंढा बारमाही झाला. जुन्या मंडळींनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटले. त्या नावात तक्रार आहे, पण एक खरे निरीक्षणही आहे. शिष्टाचार हे एकाने दुसऱ्याला सांगून शिकवायचे काम आहे, आणि शिकणारे शिकवणाऱ्यांपेक्षा फार वाढले की ते काम थांबते.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेला ‘आरएफसी १८५५’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरील शिष्टाचाराचा हा सर्वांत प्रसिद्ध लेखी आधार. समूहात काहीही लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे, राग आला असेल तर उत्तर पाठवायला रात्र जाऊ द्यावी, सगळा मजकूर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहू नये कारण तो ओरडल्यासारखा वाटतो, असे त्यात सांगितले आहे. यातला शेवटचा नियम मराठीला लागूच होत नाही. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत. आपल्याकडे ओरडणे दिसते ते उद्गारचिन्हांच्या रांगेतून, ठळक केलेल्या पूर्ण परिच्छेदातून आणि एकच मेसेज तीनदा पाठवण्यातून. नियम शब्दशः न घेता त्यामागचे कारण घ्यावे लागते.

फोनने बदललेली स्थिती

आधी महिनाभर वाचा, हा सल्ला व्हॉट्सॲपच्या ग्रुपात अडखळला. ग्रुपमध्ये येण्यापूर्वीचे मेसेज नव्या सदस्याला वर्षानुवर्षे दिसतच नसत. यूझनेटवर मागचे चाळता येई. इथे नवागताच्या हाती फक्त थांबणे उरले. दुसरा फरक असा की माणूस बहुधा स्वतःहून येत नाही, त्याला कोणीतरी घालते. मला ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये दिली. तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा: प्रवेशाबरोबर आपला फोन नंबर शेकडो अनोळखी लोकांना दिसू लागतो, आणि त्यांचा आपल्याला. ग्रुपची मर्यादा आता १,०२४ सदस्यांची आहे.

फॉरवर्डचा प्रश्न याच काळातला. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवांवरून भारतात जमावाने माणसे मारली, त्यानंतर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. नवागताला यातून घ्यायचे ते साधे आहे. पहिल्या महिन्यात स्वतःचे शब्द लिहावेत, फॉरवर्ड अजिबात करू नये. ओळख व्हायच्या आधी माणूस दुसऱ्याचा मजकूर पाठवत राहिला, तर त्याची ओळख तीच होऊन बसते. मजकुराची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच राहते. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला फौजदारी दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

इंदूरचा परिपाठ

१८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले, पण मराठी कुटुंबे माळव्यात त्याही आधीपासून होती. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांत त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे इथला मराठी ग्रुप बहुधा फोनवर जन्मत नाही. कॉलनीचा गणेशोत्सव, भजनी मंडळ, महिला मंडळ, नाटकाचे नेहमीचे प्रेक्षक, शाळेची जुनी बॅच यांपैकी कशाचा तरी तो विस्तार असतो. पुण्याहून किंवा सांगलीहून बदली होऊन विजयनगरला, स्कीम ५४ मध्ये भाड्याने राहायला आलेला माणूस ग्रुपमध्ये येतो तेव्हा त्याला ती मेसेजची यादी वाटते. खरे तर तो एखाद्याच्या ओसरीवर आलेला असतो.

पहिली अडचण संबोधनाची, आणि ती नुसती रीतिभातीची नाही, व्याकरणाची आहे. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवल्याशिवाय क्रियापद पुरे होत नाही. समोर मात्र एक नंबर, त्याला जोडलेले अर्धवट नाव आणि गणपतीचा, नातवाचा किंवा जास्वंदीचा फोटो. वय कळत नाही, कधी बाई की पुरुष हेही कळत नाही. अशा वेळी ‘तुम्ही’ दोन्ही बाजूंनी सांभाळून घेते: ‘तू आलास, तू आलीस’ यात लिंग उघड करावे लागते, ‘तुम्ही आलात’ यात नाही. उलट स्वतःविषयी बोलताना सुटका नसते. ‘मी इंदूरला नुकतीच आले’ एवढे लिहिले की लिहिणारी बाई आहे हे हजार लोकांना कळले. ज्या स्त्रीला ते सांगायचे नसेल तिने ‘इंदूरला येऊन महिना झाला’ अशी वाक्यरचना करावी. अनेक जणी ती करतातही.

इंदूरमध्ये यात ‘आपण’ची भर पडते. हिंदीतल्या ‘आप’च्या सवयीने इथले ज्येष्ठ ‘आपण कधी आलात?’ असे सहज लिहितात. महाराष्ट्रातून आलेल्याच्या कानाला ‘आपण’ म्हणजे आधी ‘तुम्ही आणि मी’, म्हणून ‘आपण रविवारी यावे’ हे निमंत्रण त्याला सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाण्याचा बेत वाटू शकते. अर्थ कळला नाही तर सरळ विचारावे. आडनावापुढे ‘जी’ लावणे, ‘जोशीजी, कुलकर्णीजी’ म्हणणे, हेही इथले. त्यात औपचारिक दुरावा वाचू नये. तरुण मुले आपसांत ‘भिया’ (म्हणजे ‘भैया’) म्हणतात. बाहेरून आलेल्याने ते पहिल्याच दिवशी उचलले तर नक्कल वाटते, सहा महिन्यांनी तोंडात बसले तर कोणाला खटकत नाही. काका, काकू, दादा, ताई ही नाती मात्र घाईने जोडू नयेत. पंचेचाळिशीतल्या बाईला तिशीतल्या अनोळखी माणसाने ‘काकू’ म्हटलेले तिला आवडेलच असे नाही. ग्रुपमधले दुसरे तिला काय म्हणतात ते पाहावे.

दुसरी अडचण भाषा सुधारण्याची. इंदूरच्या मराठीत ‘काय करून राहिले?’ अशी रचना सहज येते, वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते, आणि पुष्कळ जण रोमन लिपीत टाइप करतात. त्या लिपीत काल, कळ आणि कल एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. संदर्भ धरून वाचावे लागते. महाराष्ट्रातून आलेला नवागत इथे चुका दाखवू लागला की ग्रुप गप्प होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते नवागताच्या हातून होणारी ही सर्वांत दुखावणारी चूक आहे, आणि ती करणाऱ्याला बहुधा वाटते की आपण भाषेची सेवा करतो आहोत. ज्या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा मराठी साहित्य संमेलन भरले, जिथली घरे शाळा, बाजार आणि कचेरी हिंदीत असूनही दोनशे वर्षे मराठी बोलत राहिली, त्या शहराच्या मराठीला येताक्षणी लाल शाई लावणे म्हणजे ती टिकवायला काय पडले असेल याचा विचारच न करणे. शुद्धलेखनाची चर्चा कोणी काढलीच, तर तीत जरूर भाग घ्यावा. एखाद्याने शोकाचा निरोप लिहिला असेल आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, तर ती त्या चर्चेची वेळ नाही.

शोकाच्या निरोपाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. इंदूरचे हे ग्रुप गावच्या फळ्याचेही काम करतात: कोण गेले, अंत्ययात्रा घरून किती वाजता, उठावणा (अंत्यसंस्कारानंतरची शोकसभा) कोणत्या सभागृहात, हे तिथेच कळते. नवागत सकाळी चहा घेता घेता एक विनोद पाठवतो, आणि त्याच्या नेमका वर अर्ध्या तासापूर्वीची निधनवार्ता असते. त्याने ती पाहिलेली नसते. म्हणून काहीही पाठवण्यापूर्वी निदान मागचे दहा मेसेज वाचावेत. मृत व्यक्ती ओळखीची नसेल तर श्रद्धांजलीच्या रांगेत आपली भर न घालता दिवसभर गप्प राहिलेलेही चालते. त्या गप्प राहण्यालाही आदर म्हणूनच पाहिले जाते.

ओळख करून देताना चार ओळी पुरतात: नाव, कुठून आलो, काय काम करतो, कोणाच्या ओळखीने ग्रुपमध्ये आलो. मराठी माणूस लगेच विचारतो, ‘मूळचे कुठले?’ इंदूरमध्ये या प्रश्नात जिव्हाळा असतो, कारण विचारणाराही पाच पिढ्यांपूर्वी सुटलेले एखादे गाव मनात धरून असतो. पण त्याच वाटेने जातीपर्यंत पोहोचायची सवयही जुनी आहे. गाव सांगावे, पुढचे सांगण्याचे कोणतेही बंधन नवागतावर नाही, आणि जुन्यांनी तो प्रश्न जाहीरपणे विचारू नये.

प्रश्न विचारणे ही नवागताची खरी गरज. सत्यनारायणाला गुरुजी हवेत, आईसाठी डबा लावायचा आहे, पुण्याची रात्रीची बस कुठून सुटते. नुसते ‘कोणी मदत करेल का?’ असे लिहून थांबू नये. त्यावर कोणी उत्तर देऊ शकत नाही. काय हवे, कोणत्या भागात, कधी, आणि आपले कुठे कुठे विचारून झाले आहे, हे एकाच मेसेजमध्ये यावे. उत्तर मिळाल्यावर पुढे काय झाले ते कळवावे. ‘त्यांच्याकडून डबा सुरू केला, चांगला आहे’ या एका ओळीने पुढच्या दहा जणांचे काम होते, आणि सांगणाऱ्यालाही वाटते की आपले सांगणे वाया गेले नाही. हीच गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते.

ग्रुपमध्ये दिसलेल्या नंबरवर थेट फोन करू नये. आधी ग्रुपमध्येच ‘तुम्हाला वेगळा मेसेज केला तर चालेल का?’ असे विचारावे, समोर स्त्री असेल तर विशेष करून. विमा, प्लॉट किंवा नेटवर्क मार्केटिंगसाठी ते नंबर वापरणे हा विश्वासघात आहे आणि त्यावर ॲडमिनने लगेच काढून टाकले तर तक्रारीला जागा नाही. वेळेचेही भान ठेवावे. इंदूरच्या सराफा बाजारातले खाणे मध्यरात्रीनंतरही चालते, म्हणून घरोघरचे फोन तेव्हा वाजावेत असे नाही.

जुन्यांकडचे काम

हा शिष्टाचार एकतर्फी नाही. इंग्रजी विकिपीडियावर ‘नवागतांना चावू नका’ या अर्थाचे एक मार्गदर्शक पानच आहे, कारण अनुभवी संपादकांच्या फटकळपणाने नवे लोक निघून जातात हे तिथे लवकर कळले. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडले: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, बहुतेक लेखन एकाचे असते. तेव्हा गप्प बसलेला नवा सदस्य अगदी नेहमीचा सदस्य आहे. ‘नुसते वाचता, बोलत का नाही?’ असे त्याला हटकू नये. त्याने विचारले, तर तोच प्रश्न गेल्या महिन्यात येऊन गेला आहे हे सुनावण्यापेक्षा उत्तर पुन्हा द्यावे. मागचे मेसेज त्याने पाहिलेलेच नसण्याची शक्यता असते. चूक झाली तर ती त्याला खासगीत सांगावी, सर्वांसमोर नाही.

इंदूरमध्ये चांगले ॲडमिन एक गोष्ट करतात. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घातल्यावर ते जवळच्या कॉलनीतल्या एखाद्या जुन्या सदस्याला त्याच्याशी बोलायला सांगतात. मग ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला, नाहीतर रविवारी पोह्यांच्या गाडीवर दोघांची गाठ पडते. फोटोतल्या जास्वंदीमागे एक सत्तरीच्या बाई निघतात, त्या पहिल्याच वाक्यात ‘अरे, तू तर माझ्या धाकट्याएवढा’ म्हणतात, आणि त्या दिवसापासून ग्रुपवरही त्या त्याच्या मावशी होतात.