हिमनदी वाहते कशी : शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

हिमनद्या जागच्या हलतात, हे आल्प्सच्या खोऱ्यांत राहणाऱ्या लोकांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. त्या किती हलतात याचे सुरुवातीचे एक ठोस माप मात्र जवळजवळ योगायोगानेच हाती आले. फ्रान्झ योझेफ हूगी यांनी १८२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील उंटरआर हिमनदीवर दगडांची एक झोपडी उभारली होती. ती १८४१ मध्ये लुई आगासी यांना सुमारे १,४०० मीटर खाली सरकलेली आढळली, म्हणजे वेग वर्षाला साधारण १०० मीटर पडला.

हलण्याचे कारण कळायला मात्र आणखी शतक लागले. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी १८४२ मध्ये आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळच्या मेर द ग्लास हिमनदीवर थिओडोलाइट (कोन मोजण्याचे उपकरण) लावून दाखवून दिले की, बर्फ धक्क्याधक्क्याने नव्हे तर अहोरात्र सरकतो आणि काठापेक्षा मध्यभागी अधिक वेगाने जातो. यावरून त्यांनी हिमनदीला दाट, चिकट द्रव मानले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना हे मान्य नव्हते. द्रव ताणला की लांबतो, हिमनदीला मात्र भेगा पडतात, हा त्यांचा आक्षेप बिनतोड होता. बर्फ तुटतो आणि दाबाखाली पुन्हा सांधला जातो, असे त्यांचे म्हणणे. १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमलोटात गाडल्या गेलेल्या तीन वाटाड्यांचे अवशेष सुमारे ४० वर्षांनी खाली निघतील, असे फोर्ब्स यांनी वर्तवले होते आणि १८६१ मध्ये ते खरोखरच बोसाँ हिमनदीच्या खालच्या भागात निघाले. मात्र त्याने वेगाचा अंदाज खरा ठरला, वेगामागची यंत्रणा नव्हे. त्या काळच्या गदारोळात हा भेद बराचसा विसरला गेला.

वादाची खरी उकल स्फटिकात दडलेली होती. जेम्स मॅककॉनेल यांनी १८९० च्या सुमारास बर्फाच्या एकेका स्फटिकावर प्रयोग केले, तेव्हा स्फटिकाचे समांतर थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पानांसारखे एकमेकांवरून घसरतात, असे दिसले. असेच घसरणे धातूंतही घडते, हे पुढे कळले. १९४८ च्या सुमारास इगॉन ओरोवान यांनी हिमनदीकडे द्रव म्हणून न पाहता वितळबिंदूजवळ तापलेल्या धातूसारखे पाहावे, असे सुचवले.

त्याच वर्षी मॅक्स पेरुट्झ आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउ शिखराजवळच्या हिमक्षेत्रात विजेने तापणाऱ्या टोकाने १३७ मीटर खोल भोक पाडून त्यात पोलादी नळी सोडली. हेच पेरुट्झ पुढे हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी नोबेल मिळवणारे. काही काळाने नळीचा कल पुन्हा मोजला, तेव्हा वरचे टोक खालच्यापेक्षा पुढे गेलेले होते. तळचा बर्फ वरच्या भाराने पिळून अधिक वेगाने बाहेर ढकलला जातो, हे तेव्हाचे वजनदार मत त्या वाकलेल्या नळीपुढे टिकणे अवघड झाले.

केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी १९५० च्या दशकात बर्फाचे नमुने भाराखाली ठेवून नियम बसवला : विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या घातात वाढतो. म्हणजे ताण दुप्पट, तर वेग आठपट. फोर्ब्स यांच्या साध्या द्रवात तो दुप्पटच झाला असता. मात्र हे सगळे बर्फाच्या आत घडणाऱ्या हालचालीपुरते. तळाच्या खडकावरून हिमनदी अख्खी घसरते, त्याचा स्वतंत्र सिद्धांत योहानेस वीर्टमन यांनी १९५७ मध्ये मांडला. ग्लेनचा घातांकही निर्विवाद राहिलेला नाही : अंटार्क्टिकाच्या तरंगत्या हिमपट्ट्यांच्या २०२२ मधील एका उपग्रह-अभ्यासात तो ४ च्या आसपास आला, आणि तसे असेल तर दुप्पट ताणाला वेग सोळापट होतो.