कव्हर लेटर

नोकरीसाठी अर्ज करताना बायोडाट्यासोबत जे एक पानी पत्र जोडले जाते, त्याला कव्हर लेटर म्हणतात. शिक्षण आणि अनुभवाचा तपशील बायोडाट्यात असतोच. जाहिरातीत मागितलेल्या कामाला त्यातले नेमके काय उपयोगी पडेल, हे पत्रात सांगायचे असते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगासारख्या ठिकाणच्या ऑनलाइन अर्जात त्याला जागा नसते, मात्र खासगी कंपन्या, संस्था आणि परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करताना ते बरेचदा मागितले जाते.

या प्रकाराचा जुना आणि आजही अभ्यासण्याजोगा नमुना म्हणजे लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झासाठी तयार केलेले पत्र. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे. अक्षर मात्र लिओनार्दोचे नाही. लढायांत गुंतलेल्या राज्यकर्त्याला काय हवे असेल, हे ओळखून त्याने सहज वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची रीत, तोफा आणि आच्छादित रथ यांबाबतचे आपले कौशल्य क्रमवार मांडले. शांततेच्या काळातल्या बांधकामाचा मुद्दा दहावा आहे. चित्रकलेचा उल्लेख त्याहूनही पुढे, जेमतेम एका वाक्यात येतो, आणि यातले काही अशक्य वाटले तर प्रत्यक्ष करून दाखवण्याची तयारीही शेवटी नोंदवलेली आहे. स्वतःची आवड मागे ठेवून वाचणाऱ्याची गरज पुढे आणणे, हेच या पत्राचे खरे बळ आहे.

मराठी अर्जाचा साचा ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘महोदय’ येथपासून ‘आपला विश्वासू’ येथपर्यंत ठरलेला आहे. त्यातली संदर्भाची ओळ फार कामाची असते, कारण कोणत्या तारखेच्या कोणत्या जाहिरातीला हे उत्तर आहे, ते तिथेच कळते. अडचण होते ती मधल्या मजकुरात. ‘मी प्रामाणिक व कष्टाळू असून संधी दिल्यास तिचे सोने करीन’ हे वाक्य कोणाच्याही अर्जात शोभते, म्हणूनच त्यातून या उमेदवाराविषयी काहीच समजत नाही. त्याऐवजी लेखापालाच्या जागेसाठी ‘सध्याच्या दुकानात खरेदी-विक्रीची बिले मी रोजच्या रोज टॅलीवर चढवते आणि जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत भरते’ असे लिहिले, तर मालकाला तिचे काम डोळ्यांसमोर दिसते आणि मुलाखतीत काय विचारायचे तेही सुचते. नवख्या उमेदवाराने शिकाऊ काळातले किंवा महाविद्यालयीन प्रकल्पातले काम इतक्याच नेमकेपणाने लिहावे. अनुभव नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात एक ओळही घालवू नये.

नोकरीत खंड पडला असल्यास त्याचे कारण एका वाक्यात सांगणे पुरते. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहावी. ईमेलने अर्ज करताना हा मजकूर मेलमध्येच लिहिता येतो. तेव्हा विषयाच्या ओळीत पदाचे नाव द्यावे आणि जुन्या पत्रावरून नवे केले असल्यास आधीच्या कंपनीचे नाव कुठे राहून गेले नाही ना, हे पाठवण्यापूर्वी तपासावे.