इंजिन-तेलातील पाणी (मासेमारी नौका)

बोटीच्या इंजिनाच्या वंगणतेलात पाणी शिरले आहे का आणि शिरले असल्यास ते कुठून आले, याचे निदान. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण अशा कोकणातल्या बंदरांत हे काम बोटीचा ड्रायव्हर आणि किनाऱ्यावरचा मिस्त्री मिळून करतात. 'ऑइलात पाणी गेलंय' हे बहुतेकदा डोळ्यांना दिसतेच. गोडे गेले की खारे, हा प्रश्न त्यापुढचा. दुरुस्ती कुठे करायची आणि किती घाईने करायची, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

ट्रॉलरवरच्या डिझेल इंजिनात बहुधा दोन पाणी असतात. जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, गोडे पाणी फिरते आणि त्याला थंड करण्यासाठी हीट एक्स्चेंजरमधून समुद्राचे पाणी जाते. काही बोटींत गोड्या पाण्याचा पाइप बोटीच्या तळाबाहेरून फिरवलेला असतो. तिथे खारे पाणी इंजिनापर्यंत येतच नाही. काही जुन्या, लहान इंजिनांत उलट खारे पाणीच थेट जॅकेटमध्ये सोडतात. आपल्या बोटीत यातली कोणती व्यवस्था आहे, हे आधी पाहावे. नाहीतर पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते.

डोळ्यांना दिसणारी लक्षणे. नव्या, स्वच्छ तेलात पाणी मिसळले की डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) ते दुधाच्या चहासारखे दिसते. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल मात्र काजळीने काळेभोर झालेले असते. ते दुधाळ होत नाही, राखाडी आणि जाडसर होते. पांढऱ्याची वाट पाहणारा माणूस इथे फसतो. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट लोण्यासारखा थर असणे हा मात्र कच्चा पुरावा आहे. मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जाण्याइतक्या छोट्या फेऱ्या करणारे इंजिन पुरेसे तापत नाही आणि दमट हवेतली वाफ झाकणाखाली साचते. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल, तर इंजिन तासभर ओझ्याखाली चालवून पुन्हा पाहावे. तेलाची पातळी वाढली म्हणजे पाणीच गेले, असेही नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या गळक्या नोझलमधून किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल उतरले तरी पातळी चढते. ते तेल पातळ होते, काळेच राहते आणि बोटावर चोळले की डिझेलचा वास येतो.

रात्रभर ठेवून पाहणे. तेलातली डिटर्जंट द्रव्ये पाणी धरून ठेवतात, पण पाणी जास्त असेल तर उभ्या इंजिनात त्यातले काही सुटून चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तेल काढायचा ड्रेन नट पूर्ण न काढता थोडाच सैल करायचा आणि खाली काचेची बाटली धरायची. पाणी असेल तर आधी तेच येते: थेंब थेंब, गढूळ, बोटाला बुळबुळीत न लागणारे. मग धार जाड होते आणि तेल सुरू होते. या पहिल्या चमचाभर पाण्याइतका पुरावा नंतर सगळे इंजिन उघडूनही मिळत नाही, म्हणून ते फेकू नये.

तव्यावरची चाचणी. पाणी सुटत नसेल, तर सुमारे १६० अंश सेल्सिअसला तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब सोडतात. कोरडे तेल नुसते पसरते. पाणी असेल तर बुडबुडे येतात, आणि प्रमाण जास्त असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते. सुमारे ०.१ टक्क्यापर्यंतचे पाणी या चाचणीत कळते. चेंबरमध्ये १५ लिटर तेल असेल तर हे फक्त १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे पाणी झाले. तेल उडते, त्यामुळे तोंड लांब ठेवावे. डिझेल मिसळल्याची शंका असेल तर ही चाचणी आगीजवळ करूच नये.

गोडे की खारे. बाटलीतले पाणी स्टीलच्या झाकणीत घेऊन आटवावे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे चमचाभर पाणीही मिठाची स्पष्ट खपली सोडते. बोट खाडीत, पावसाळ्यात उभी असेल तर खपली विरळ येते, हे लक्षात ठेवावे. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की खाऱ्या पाण्यात दाट पांढरा साका धरतो. विहिरीचे पाणीही जरासे धुरकट होते, म्हणून शेजारी इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीतले पाणी घेऊन तुलना करावी. पाणी जिभेला लावून पाहणारे लोक आहेत. टाकीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रसायन) घातलेले असेल तर त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. प्रयोगशाळेत तेल दिल्यास सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाढलेले आढळले तर संशय समुद्राच्या पाण्यावर जातो.

वाटा. गोडे पाणी येते ते हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाखालची पट्टी), तडकलेले हेड (ते झाकण), लायनरखालच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीखालच्या) ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, किंवा ऑइल कूलर (पाण्याने तेल थंड करणारा भाग) यांतून. टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागत असेल तर ही बाजू धरावी. ऑइल कूलरची खूण वेगळी असते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जाते आणि टाकीत तवंग येतो. इंजिन बंद केले की गरम जॅकेटमधला उरलेला दाब पाणी तेलात ढकलतो. म्हणजे दोन्हीकडे भेसळ दिसते. चेंबर उतरवून, जॅकेटला हातपंपाने दाब देऊन खालून टॉर्च मारली की थेंब कोणत्या लायनरच्या बुडातून पडतो ते दिसते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यामुळे हेड उगाच उतरवावे लागत नाही.

खारे पाणी येण्याची एक वाट म्हणजे इंजिनावर बसवलेला खाऱ्या पाण्याचा पंप. अनेक पंपांत पाण्याचे आणि तेलाचे सील यांच्यामध्ये एक छोटे भोक ठेवलेले असते, गळती बाहेर दिसावी म्हणून. ते रंगाने किंवा गंजाने बुजले की पाणी सरळ आत जाते. दुसरी वाट सायलेन्सरची. ज्या बोटींत धुराच्या पाइपात पाणी सोडतात, तिथे इंजिन लागत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिले की पंप पाणी ओढत राहतो, धुराचा जोर नसल्याने ते बाहेर पडत नाही आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. उभ्या धुराड्याच्या बोटींत हेच काम पाऊस करतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या काळात वर ओढून शाकारलेल्या बोटीच्या धुराड्यावर डबा उपडा घालायचा राहिला, तर ऑगस्टच्या पहिल्याच स्टार्टला ते कळते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असेल तर नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे. पाणी भोकांतून बाहेर उडते.

तातडी. गोड्या पाण्याने तेल बिघडते, खाऱ्याने बेअरिंगवर काही दिवसांतच गंज धरतो. तेल आणि फिल्टर लगेच बदलून, इंजिन थोडे तापवून, पुन्हा बदलतात. रंग स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागते. गळती आधी बंद केलेली हवी. सुटा भाग यायला वेळ लागणार असेल तर इंजिन डिझेल किंवा तेलाने काठोकाठ भरून ठेवतात, म्हणजे आत हवा राहत नाही.

आउटबोर्ड. छोट्या होड्यांच्या मागे बाहेरून लावलेल्या दोन-स्ट्रोक इंजिनाला (आउटबोर्डला) तेलाचा चेंबरच नसतो. तिथे पाहायचे ते खालच्या गिअरचे तेल. ते दुधाळ निघाले तर आधी पंखा काढून शाफ्ट पाहावा. पंख्यामागे गुंडाळलेल्या तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) सील कापलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे.