नराचा एकुलता एक्स: कीटकांतल्या मात्राभरपाईची पार्श्वभूमी

स्त्रीच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प बसतं, हे बारावीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे कीटकांतही तसंच चालत असणार, असं अनेक जण धरून चालतात. पण चिलटांत (ड्रोसोफिला) कुठलाच एक्स गप्प बसत नाही, उलट नराचा एकुलता एक्स दुप्पट राबतो. रेशीमकिड्याची तऱ्हा वेगळी, डासाची आणखी वेगळी. ‘कीटकांची पद्धत’ म्हणून एकच आकृती काढून देणाऱ्या नोट्स इथेच फसतात.

१८९१ मध्ये हेन्किंग या जर्मन संशोधकाला लाल ढेकण्याच्या वृषणात एक विचित्र तुकडा दिसला. तो निम्म्याच शुक्रपेशींत जात होता. हे नक्की काय, याचा उलगडा होईना म्हणून त्याने त्याला ‘एक्स’ म्हटलं. पुढे मॅक्लंगने नाकतोड्यांवर काम करून १९०१-०२ मध्ये या जादा गुणसूत्राचा संबंध लिंगाशी जोडला, पण ते नर ठरवतं असा उलटा अंदाज बांधला. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्सने पिठातल्या भुंगेऱ्याची गुणसूत्रं मोजली. मादीत २० मोठी होती. नरात १९ मोठी आणि एक अगदी बारकं. ते बारकं म्हणजे वाय. त्याच सुमारास विल्सनही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला.

१९१० मध्ये मॉर्गनने ड्रोसोफिलात पांढऱ्या डोळ्याचं जनुक एक्सवर असल्याचं दाखवलं आणि खरी अडचण पुढे आली. मादीकडे या जनुकाच्या दोन प्रती, नराकडे एक. मग एक्सवरच्या शेकडो जनुकांचा माल नरात निम्माच पडायला हवा. तरी नर ठणठणीत असतात, ते कसे?

मुलरने याचं उत्तर डोळ्यांच्या रंगात शोधलं. पांढऱ्या डोळ्याच्या जनुकाचं ‘अ‍ॅप्रिकॉट’ नावाचं अर्धवट काम करणारं रूप आहे. त्याच्या दोन प्रती असलेली मादी आणि एकच प्रत असलेला नर यांचे डोळे जवळपास एकाच छटेचे असतात. इथवर वाटेल की एक प्रत पुरेशी आहे, दुसरी फुकट. पण मुलरने मादीतली एक प्रत कापून टाकली, तर तिचा डोळा फिकट झाला. नराला एक जादा प्रत दिली, तर त्याचा गडद झाला. म्हणजे प्रतींची संख्या मोजली जाते, फक्त नरातली प्रत जास्त काम करते. १९३२ च्या लेखात त्याने याला ‘डोसेज कॉम्पेन्सेशन’ म्हटलं. आपण मात्राभरपाई म्हणू. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून २१ वर्षं होती, हे लक्षात घेतलं की या प्रयोगाची धार कळते.

नराचा एक्स जास्त राबतो हे प्रत्यक्ष दाखवण्यात एका भारतीयाचा वाटा आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. ए. एस. मुखर्जी आणि बीरमान यांनी १९६५ मध्ये चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथींना नव्या आरएनएत शिरणारं किरणोत्सारी युरिडीन दिलं आणि फिल्मवर उमटलेले ठिपके मोजले. नराच्या एका एक्सवर मादीच्या दोन्ही एक्सवर मिळून असतात तितकेच ठिपके होते. पुढे कोलकात्यात मुखर्जी आणि एस. सी. लखोटिया यांनी १९६९ मध्ये दाखवलं की ही वाढीव हालचाल प्रत्येक पेशी स्वतःपुरती ठरवते.

यातला दिसणारा भाग कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहता येतो. चिलटं वाढवायच्या माध्यमाला १ लिटर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगार. गुळाची इथे ददात नाही. प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिली, पण ते माध्यम थोडं निवल्यावर घालावं. उकळत्यात घातलं तर उडून जातं आणि चार दिवसांत बुरशी चढते. बाटलीत अंडी कमी ठेवावीत, वरून यीस्ट द्यावं आणि शक्य असेल तर १८ अंशांवर वाढवावं. दाटीत वाढलेल्या अळ्यांची गुणसूत्रं दोऱ्यासारखी बारीक निघतात. मे महिन्यात खोली ३० अंशांवर गेली की नर वांझ होतात, मग स्टॉक गेला म्हणून समजा.

अळी बाटलीच्या भिंतीवर चढलेली पण अजून मऊ आणि हलती असावी. नर ओळखायला शरीराच्या मागच्या तिसऱ्या भागात पाहावं, तिथे चरबीत मोठा पारदर्शक लंबगोल (वृषण) दिसतो. मादीत तो अगदी छोटा असतो. ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात एका सुईने शरीर धरून दुसरीने तोंडाचे काळे आकडे ओढले की दोन काचेसारख्या लाळग्रंथी बाहेर येतात. कडेची पांढरी चरबी काढलीच पाहिजे, नाहीतर स्लाइड गढूळ होते. अ‍ॅसिटो-ऑर्सीनमध्ये रंगवून कव्हरस्लिप ठेवावी, हलके ठोके द्यावेत आणि टिपकागदाखाली सरळ दाबावं. कव्हरस्लिप जरा सरकली तरी गुणसूत्रं तुटतात. चांगल्या स्लाइडवर नराचा एक्स एकटा असूनही इतरांच्या जवळपास रुंद आणि रंगाने फिका दिसतो.

मार्केट यार्डातून केळ्यावर पकडलेली चिलटं थेट वापरणाऱ्यांची एक फसगत ठरलेली. त्यांत ड्रोसोफिला अनानासी हमखास असते आणि तिच्या एक्सला दोन भुजा असतात. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या आकृतीप्रमाणे एकच लांब भुजा शोधत बसलं तर ती सापडणार कुठून? स्टॉक आधी ओळखून घ्यावा.

यंत्रणेचे भाग १९७५ नंतर हाती लागू लागले. काही उत्परिवर्तनांत मुली जगतात आणि मुलगे अळी-कोषाच्या टप्प्यावर मरतात, हे या भागांच्या जनुकांत बिघाड झाल्याचं लक्षण. बेलोट आणि लुकेसी यांनी १९८० मध्ये अशा जनुकांची पद्धतशीर मांडणी केली. आज चित्र असं आहे: एमएसएल-१, एमएसएल-२, एमएसएल-३, एमएलई आणि एमओएफ ही पाच प्रथिनं आणि रॉक्स नावाचे दोन आरएनए मिळून एमएसएल संकुल बनतं आणि ते नराच्या एक्सवर बसतं. एमओएफ हे एच४ हिस्टोनच्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) १६ व्या लायसीनवर अ‍ॅसिटिल गट चढवतं, त्यामुळे क्रोमॅटिन, म्हणजे ही गुंडाळी, सैल होतं. सगळं अडलेलं असतं ते एमएसएल-२ वर. मादीत सेक्स-लीथल हे प्रथिन त्याचा आरएनए वाचूच देत नाही. हा अडसर निघाला तर मादीचे दोन्ही एक्स दुप्पट चालतात आणि ती मरते. दुप्पट वाढीपैकी नेमका किती वाटा या संकुलाचा आणि किती पेशीच्या सर्वसाधारण संतुलनाचा, यावर अजून वाद आहे.

पण ही यंत्रणा चिलटांच्या कुळाची. २०१३ मध्ये व्हिकोसो आणि बाखट्रॉग यांनी दाखवलं की आज ड्रोसोफिलात ठिपक्याएवढं उरलेलं चौथं गुणसूत्र तिच्या पूर्वजांत एक्स होतं. त्यावर बसणारं पीओएफ नावाचं स्वतंत्र प्रथिन २००१ मध्येच सापडलं होतं. ते तिथे काय करतंय, याचा अर्थ आता लागला: तो जुन्या भरपाईचा अवशेष दिसतो.

तुती लावणाऱ्यांच्या ओळखीच्या रेशीमकिड्यात तर गणितच उलटं आहे. मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड. २०१४ मध्ये किउची आणि सहकाऱ्यांनी डब्ल्यूवरून निघणारा एक चिमुकला आरएनए शोधला. तो मादीत ‘मॅस्क’ या जनुकाचा आरएनए तोडतो. नरात मॅस्क शाबूत राहतं आणि दोन्ही झेडना आवर घालतं. नर भ्रूणातून मॅस्क काढलं तर झेडवरची जनुकं मोकाट सुटतात आणि भ्रूण मरतो. नर कोषात रेशमाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून फक्त नर मिळवण्याची इच्छा या धंद्यात जुनीच आहे. मॅस्क बंद करून मात्र हाती उलटंच लागेल, नरच मरतील.

पिठ्या ढेकणात लिंग गुणसूत्रंच नाहीत. नर भ्रूणात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा अख्खा संच घट्ट गुंडाळून गप्प केला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. शरत् चंद्र यांनी या प्रकारावर काम केलं. कीटकांत सस्तन प्राण्यांच्या गप्प एक्सची आठवण करून देणारं काही असेल तर ते हे, आणि तेही दुरून.

मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीस डासात पुन्हा नराचा एक्सच वाढीव चालतो, पण चिलटांच्या एमएसएल संकुलाशिवाय. २०२३ मध्ये त्यासाठीचं एसओए हे प्रथिन सापडलं. ते नसलं तर नर मरत नाहीत, त्यांची वाढ लांबते. शहरी मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीतलं वायवरचं गाय-१ हे जनुक मादीत घातलं की तिचे एक्स नको तितके चालतात आणि ती मरते. चावणारी मादीच, त्यामुळे या जनुकाकडे डास नियंत्रणवाल्यांचं लक्ष आहे.

हाच डाव डेंगीच्या एडिस इजिप्तीवर चालत नाही. तिथे नर-मादीतला फरक एका छोट्या पट्ट्यापुरता असल्याने भरपाई करण्याजोगं काही नाही. त्या पट्ट्यातलं निक्स हे जनुक २०१५ मध्ये सापडलं. मादीत ते घातलं की तिचा प्रजननक्षम नर होतो, पण शेजारचं मायो-सेक्स हे जनुक नसल्याने त्याला उडता येत नाही.