फॅरेडे परिणाम आणि त्याचे मापन

पारदर्शक पदार्थातून जाणाऱ्या प्रतलीय ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, की प्रकाशाचे ध्रुवण प्रतल काही कोनातून फिरते. यालाच फॅरेडे परिणाम म्हणतात. मायकेल फॅरेडे यांना तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १३ सप्टेंबर १८४५ रोजी आढळला. इतर काही पारदर्शक पदार्थ त्यांनी आधी तपासले होते, पण त्यांत काहीच दिसले नव्हते. शेवटी उपयोगी पडली ती बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच तयार केलेली, शिसेयुक्त जड काच. दिव्याचा प्रकाश काचेच्या पृष्ठभागावरून परावर्तित करून त्यांनी ध्रुवित केला आणि निकोल लोलकातून (एकाच प्रतलातला प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या स्फटिकातून) पाहिला; लोलक असा फिरवला होता, की प्रकाश अडून सगळे अंधारले. विद्युतचुंबक सुरू करताच अंधारलेल्या दृष्टिक्षेत्रात दिव्याची प्रतिमा उजळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध दाखवणारा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

फिरण्याचा कोन चुंबकीय क्षेत्राच्या प्रकाशमार्गाला समांतर असलेल्या घटकाच्या आणि पदार्थातील मार्गाच्या लांबीच्या सम प्रमाणात असतो. या प्रमाणाच्या स्थिरांकाला एमिल व्हेर्दे या फ्रेंच भौतिकीविज्ञांचे नाव आहे. त्यांनी १८५४ पासून या विषयावर काटेकोर मोजमापे केली. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी (५८९ नॅनोमीटर) पाण्याचा व्हेर्दे स्थिरांक दर टेस्ला दर मीटर सुमारे ३.८ रेडियन आहे. म्हणजे १० सेंमी लांब पाण्याच्या नळीवर ०.०२५ टेस्लाचे क्षेत्र लावले, तर प्रतल जेमतेम अर्धा अंश फिरते. मापनाची खरी कसोटी या लहान कोनातच आहे.

प्रयोगाची मांडणी साधी आहे: लेसर, ध्रुवक (प्रकाश एका प्रतलात आणणारा), नालकुंतलात (तारेच्या लांब वेटोळ्यात) ठेवलेला नमुना, विश्लेषक (प्रतल तपासणारा दुसरा ध्रुवक) आणि प्रकाश संवेदक. ध्रुवक व विश्लेषक काटकोनात ठेवून सर्वाधिक अंधार शोधावा, असे सहज सुचते. पण मालूसच्या नियमानुसार तीव्रता या दोहोंमधील कोनाच्या कोज्येच्या (cos) वर्गाप्रमाणे बदलते, आणि अंधाराच्या बिंदूपाशी हा वक्र जवळजवळ सपाट असतो; तिथे अर्ध्या अंशाने तीव्रता फारशी हलत नाही. ४५ अंशांवर वक्राचा उतार सर्वांत जास्त असतो, म्हणून विश्लेषक तिथे ठेवतात. त्याहून चांगली रीत म्हणजे वोलास्टन लोलकाने प्रकाशाचे परस्परलंब ध्रुवणांचे दोन झोत करून दोन संवेदकांवर पाडणे. सुरुवातीला दोन्ही झोत समान ठेवले, तर तीव्रतांच्या वजाबाकीला बेरजेने भागून थेट कोनाच्या दुपटीची ज्या (sin) मिळते. भागाकारामुळे लेसरच्या तीव्रतेतील चढउतार निघून जातात. कोन याहूनही सूक्ष्म असेल, तर नालकुंतलाला प्रत्यावर्ती प्रवाह देतात आणि संवेदकाच्या संकेतातून लॉक-इन प्रवर्धकाने फक्त त्याच वारंवारतेचा भाग वेचतात.

चुका बहुतेक वेळा नमुन्याच्या आसपास दडलेल्या असतात. द्रवाच्या नळीच्या काचेच्या खिडक्याही प्रतल फिरवतात, म्हणून रिकाम्या नळीचे वाचन घेऊन ते वजा करावे लागते. तापलेल्या नालकुंतलामुळे द्रवात अपवर्तनांकाचे थर पडतात व झोत सरकतो. ताणामुळे काचेत येणारे द्विअपवर्तनही (ध्रुवणाच्या दिशेनुसार अपवर्तनांक वेगळा असणे) वाचन बिघडवते. प्रवाहाची दिशा उलटून दोन्ही वाचनांतील फरकाचा निम्मा भाग घेणे ही सर्वांत भरवशाची खबरदारी आहे. क्षेत्रावर अवलंबून नसलेले सगळे त्यात गळून पडते.

साखरेच्या द्रावणामुळेही ध्रुवण प्रतल फिरते, पण आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाचे प्रतल त्यात उलट फिरून मूळ जागी येते. फॅरेडे परिणामात फिरण्याची दिशा क्षेत्राची दिशा ठरवते, प्रकाशाची नव्हे. म्हणून परतीच्या प्रवासात कोन दुप्पट होतो. नमुन्याच्या दोन्ही टोकांना आरसे ठेवून प्रकाश अनेकदा फिरवला, की लहान कोन मोठा करून मोजता येतो. याच गुणावर प्रकाशीय आयसोलेटर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारे साधन, चालतो. जाताना ४५ अंश आणि येताना आणखी ४५, असा मिळून काटकोन होतो आणि परतलेला प्रकाश लेसरपर्यंत पोहोचण्याआधी ध्रुवकावर अडतो. त्यासाठी टर्बियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक वापरतात. ६३२.८ नॅनोमीटरला त्याचा व्हेर्दे स्थिरांक दर टेस्ला दर मीटर सुमारे उणे १३४ रेडियन आहे.

चिन्हातला हा फरक अर्थपूर्ण आहे. पाण्यासारख्या प्रतिचुंबकीय (चुंबकाने किंचित दूर लोटल्या जाणाऱ्या) पदार्थात प्रतल सामान्यतः नालकुंतलातील प्रवाहाच्याच दिशेने फिरते. टर्बियमच्या समचुंबकीय (चुंबकाकडे किंचित ओढल्या जाणाऱ्या) आयनांमुळे ते उलट फिरते, आणि थंड केल्यावर कोन वाढतो. दोन्ही प्रकारांत मूळ कारण मात्र एकच: क्षेत्रामुळे डावीकडे आणि उजवीकडे फिरणाऱ्या वर्तुळाकार ध्रुवित तरंगांचे अपवर्तनांक किंचित वेगळे होतात, एक तरंग मागे पडतो, आणि दोहोंच्या बेरजेतून बनलेले प्रतल कललेले निघते.