जर्मन शहरांचे महापौर राजा नेमायचा का?

‘एकोणिसाव्या शतकात जर्मनीत राजा आपल्या मर्जीतल्या सरदाराला शहराचा महापौर करायचा,’ असं अनेकदा वाचायला मिळतं. समज अगदी निराधार नाही; राजाचा शब्द तिथे होताच. पण निवड शहराची असे.

प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याचा १८०८चा नगर कायदा पाहा. मोठ्या शहरांत नगरसभा तीन नावं सुचवी, राजा त्यातलं एक निवडी. १८५३च्या कायद्यात नगरसभाच महापौर निवडी, तोही १२ वर्षांसाठी. दहा हजारांहून मोठ्या शहरांत राजाची मंजुरी लागे. ती नाकारली जाऊ शकत होती, हे विसरू नये. नगरसभेसाठी मतदानही सर्वांना नव्हतं: कर भरणाऱ्यांचे तीन वर्ग, आणि श्रीमंतांच्या मताला कितीतरी जास्त वजन.

मग निवडून कोण येई? बहुधा कायदा शिकलेला माणूस, आणि पुष्कळदा परगावचा. आपल्याकडचा महापौर डोळ्यांसमोर आणला की इथेच गोंधळ होतो. त्यांचा महापौर पगारी, पूर्णवेळ प्रशासक होता; आपल्या आयुक्ताचं बरंचसं काम तोच करी. गॉटिंगनमध्ये वकिली करणारा एक जण १८६५ मध्ये ओस्नाब्रुकचा महापौर झाला आणि १८८० मध्ये फ्रँकफुर्टचा. मला ही वाटचाल फार बोलकी वाटते.

पडताळायचं असेल तर दोन्ही कायद्यांतली महापौर निवडीची कलमं वाचा. मग एखाद्या शहराच्या महापौरांची यादी घेऊन प्रत्येकाचं जन्मगाव, शिक्षण आणि आधीची नोकरी तपासा.