भाषा कच्ची नव्हती

सोलापूरच्या पूर्व भागातून आमच्या कॉलेजात येणारी एक विद्यार्थिनी वर्गात असे प्रश्न विचारायची, की पुढच्या तासाला मलाच वाचून यावं लागे. उत्तरपत्रिका मात्र निम्मी कोरी. लिहिलेल्यातही ‘सूर्य’चा रफार भलत्याच अक्षरावर. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळा मराठी माध्यमाची आणि आता पुस्तकं इंग्रजी. ‘भाषा कच्ची आहे, होईल हळूहळू,’ असं आम्ही सगळे दोन वर्षं म्हणत राहिलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिला डिसलेक्सिया होता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, वाचनाचं तसं नाही. लिपी जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांची. तेवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नव्हतं. त्यामुळे वाचायला शिकताना मेंदू डाव्या बाजूचा, मागचा-खालचा, वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग अक्षरांच्या कामाला लावतो आणि तो उच्चारांशी जोडून घेतो. सरावाने ही जोडणी पक्की होते. आपल्या चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकदा चढवली की नक्षी आपोआप उतरत जाते, तसा शब्द दिसताक्षणी उच्चार उमटतो. डिसलेक्सियात बहुतेकांना शब्दातले ध्वनी सुटे करणं जड जातं, म्हणून जोडणी ढिली राहते. जणू प्रत्येक शब्दासाठी पुठ्ठा नव्याने कापायचा. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असते. यात बुद्धी कमी नसते, आणि दोष डोळ्यांचाही नसतो.

देवनागरीची स्वतःची गंमत आहे. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर. रफाराचं उलटं: ‘सूर्य’मध्ये ‘र’ आधी म्हणायचा आणि काढायचा ‘य’च्या डोक्यावर. हिंदी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत पहिली वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं आहे. तरी आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी नियमित आहे. त्यामुळे डिसलेक्सिया असलेलं मूल संथ, पण बरंचसं बरोबर वाचतं, आणि दहावी-बारावी पार पडते. इंग्रजीत ‘टफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ यांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच! तिथे गाडी अडते, आणि दोष इंग्रजीच्या माथी जातो.

2001 साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज प्रौढांच्या मेंदूंची तुलना झाली. नियमित लिपीमुळे डिसलेक्सिया असलेले इटालियन इतर दोघांपेक्षा बरं वाचत होते. पण वाचताना डाव्या मेंदूतला तोच एक भाग तिघांमध्येही कमी सक्रिय होता. लिपी अडचण झाकू शकते, घालवू शकत नाही.

1990च्या दशकात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द आला, म्हणजे मेंदूमेंदूंतलं वैविध्य. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं, अतिचंचलता), डिसलेक्सिया हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे 1995च्या अपंगत्व कायद्यात 7 प्रकार होते. 2016च्या कायद्याने 21 केले आणि डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यात आली. किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ही मेहेरबानी नाही. ज्याला प्रश्न वाचायलाच दुप्पट वेळ लागतो, त्याच्या विषयाच्या ज्ञानाची परीक्षा हा जादा वेळ मिळाला तरच होते.

पण प्रमाणपत्राआधी ओळखायला हवं, आणि सोलापुरात अवघड तेच आहे. तपासणारा आधी विचारतो: घरी काय बोलता, शाळा कुठल्या भाषेत, इंग्रजी कधीपासून? अडचण फक्त नव्या भाषेत असेल, तर ती बहुधा भाषेचीच. पहिलीपासून ज्या भाषेत शिकलो तिच्यातही वाचन अडत असेल, तर शंका डिसलेक्सियाची. आमच्या त्या विद्यार्थिनीला तेलुगू लिपी येतच नव्हती, तिथे वाचून काय घेणार? पण ध्वनींची चाचणी तोंडी घेता येते: ‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर काय उरतं? असेच तेलुगू शब्द तिच्या आजीने समोर बसून विचारले. ज्या भाषेत ती आजीशी तासन्‌तास गप्पा मारते, त्या भाषेतही ती अडखळली.